पोकळीतला अणुस्फोट सत्तर पट लहान दिसतो, पण कधी आणि कुणाला?

तुम्ही सोलापुरातच एम.एस्सी. भौतिकशास्त्र करताय, आणि एका दमात तीन गोष्टी विचारल्यात. जमिनीखाली मोठी पोकळी करून तिच्यात अणुस्फोट केला तर भूकंपमापकावर तो सत्तर पट लहान दिसतो, हे खरं का? खरं असेल तर बाकीची ऊर्जा जाते कुठं? आणि असं असेल तर आपल्या काळ्या दगडातसुद्धा कुणी गुपचूप चाचणी उरकू शकेल, मग सगळ्याच अणुचाचण्या बंद करू पाहणाऱ्या सीटीबीटी या चाचणीबंदीच्या कराराला अर्थ काय?

तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. सत्तर हा आकडा खरा आहे, मोजलेला आहे. पण तो एका ठिकाणी, एका खडकात, एका आकाराच्या स्फोटासाठी आणि ठरावीक वारंवारतेला मोजलेला आहे. बातम्यांत तो असा फेकतात जणू प्रकाशाचा वेगच. तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथं आहे.

माझी आधीची बरीच वर्षं भूकंपालेख वाचण्यात गेली. आता सोलापूरच्या आसपास खाणींवर आणि रस्त्यांच्या कामांवर सुरुंगाची कंपनं मोजतो. दुसरं काम पहिल्यापुढं किरकोळ वाटेल, पण हा विषय मला खाणीतच नीट उमगला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. तुम्ही लिहिलंय, "पोकळीमुळे लहरी अडतात." अडत नाहीत. खाणीशेजारचे शेतकरी मला हेच विचारतात, घर आणि खाण यांच्यामध्ये चर मारला तर भिंती हादरायच्या थांबतील का? मी त्यांना हिशेब करून दाखवतो. जमिनीलगत येणारी लहर वीस हर्ट्झची आणि तिचा वेग सेकंदाला दीड किलोमीटर धरला, तर एक तरंगलांबी झाली ७५ मीटर. तीन मीटरचा चर तिच्या खिजगणतीतही नसतो. पोकलेनचं भाडं तेवढं वाया जातं. अणुस्फोटाच्या ज्या लहरी हजारो किलोमीटरवर पोचतात त्या एक-दोन हर्ट्झच्या असतात, आणि खडकातला त्यांचा वेग सेकंदाला पाच-सहा किलोमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे तरंगलांबी काही किलोमीटरची. वाटेत पन्नास मीटरची पोकळी असली काय, नसली काय, त्या लहरीला पत्ताही लागत नाही. पोकळी जे काही करते ते उगमापाशी, स्फोटाच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत.

आता उगमापाशी काय होतं ते बघू. बॉम्ब खडकात घट्ट बसवून, वरून भोक बुजवून उडवला, तर त्याला आपण ठासलेला स्फोट म्हणू. सुरुंगाला ठासणी करतात तोच हा प्रकार. जवळचा खडक वाफ होतो, त्याबाहेरचा वितळतो, त्याबाहेरचा चुरा होतो, त्याबाहेरचा तडकतो. शेवटी एक अंतर असं येतं की तिथून पुढे खडक फक्त दबतो आणि परत सरळ होतो, म्हणजे स्थितिस्थापक वागतो. भूकंपमापकाच्या लेखी स्फोट तिथून सुरू होतो. आतला सगळा चुरा-राडा मिळून त्या सीमेला बाहेर ढकलतो. किती घनमीटर खडक कायमचा बाहेर ढकलला गेला, यावर कमी वारंवारतेच्या लहरींची उंची ठरते. हे वाक्य परत वाचा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दूरच्या भूकंपमापकाला ऊर्जा थेट दिसत नाही, ढकललेलं आकारमान दिसतं.

पोकळीत काय बदलतं? बॉम्ब मोठ्या पोकळीच्या मध्यात टांगला तर ऊर्जा आधी आतल्या हवेत पसरते. भिंतीपर्यंत पोचेपर्यंत दाब इतका उतरतो की खडक ना वितळतो, ना फुटतो. भिंत किंचित बाहेर जाते आणि बरीचशी परत येते. चुऱ्याचा प्रदेशच तयार होत नाही, म्हणून ढकललेलं आकारमान फार लहान राहतं.

हे आम्ही खाणीत रोज वापरतो. रस्त्याच्या कटिंगला उभी, स्वच्छ भिंत हवी असेल तर कडेच्या होलमध्ये होलपेक्षा बारीक कांडी भरतात आणि भोवती हवेची जागा मुद्दाम मोकळी सोडतात. प्रीस्प्लिट म्हणतात त्याला. तीच कांडी होलमध्ये गच्च बसवली तर भोवतीचा दगड चेचला जातो, मोकळी सोडली तर दोन होलांमध्ये एक सरळ चीर जाते आणि मागचा दगड शाबूत राहतो. इंग्रजी पुस्तकं दोन्हीकडे एकच शब्द वापरतात, डीकपलिंग. मापात फरक प्रचंड आहे, तत्त्व तेच.

तुम्ही भौतिकशास्त्राचे, म्हणून थोडं गणित. त्रिज्या a असलेल्या गोल पोकळीत स्थिर दाब P असेल आणि खडक स्थितिस्थापक असेल, तर भिंत Pa/४μ इतकी सरकते. μ म्हणजे खडकाचा शिअर मॉड्युलस, आकार बदलण्याला खडक किती विरोध करतो त्याचं माप. याला पोकळीच्या पृष्ठफळानं गुणा, वाढलेलं आकारमान येतं πa³P/μ. आता P काढायचा तर गॅसचा नियम लावा, P म्हणजे (γ−१) गुणिले ऊर्जा, भागिले पोकळीचं आकारमान. γ म्हणजे गॅसच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर. आकारमानात a³ आहेच. दोन्ही एकत्र ठेवले की a³ उडून जातो आणि उरतं पाऊण गुणिले (γ−१) गुणिले ऊर्जा, भागिले μ.

त्रिज्या उडाली, हे लक्षात आलं का? पोकळी एकदा पुरेशी मोठी झाली, म्हणजे भिंत स्थितिस्थापक राहील इतकी, की त्यापुढे ती दुप्पट केली तरी सिग्नल आणखी लहान होत नाही. पोकळी मोठी तर दाब कमी, पण दाब सोसणारी भिंतही तेवढीच मोठी. हा निष्कर्ष १९५९ च्या सुमारास रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अल्बर्ट लॅटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तेव्हा जिनिव्हात चाचणीबंदीची बोलणी चालू होती, आणि लपवता येण्याची ही शक्यता पुढं आल्यावर तपासणीचा वाद चांगलाच पेटला. १९६३ च्या करारात हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या बंद झाल्या, भूमिगत राहून गेल्या. तपासणीचा हा घोळ त्यामागच्या कारणांपैकी एक.

आकडे घालून बघा. एक किलोटन म्हणजे ४.१८४ × १०¹² ज्यूल. γ साधारण १.२ धरा. प्रत्यक्ष मापनं जमिनीखालच्या मिठाच्या खडकात झाली, म्हणून मीठ घेऊ. त्याचा शिअर मॉड्युलस १.३ × १०¹⁰ पास्कलच्या आसपास. उत्तर येतं किलोटनमागे पन्नास घनमीटरच्या आत. आता ठासलेल्या स्फोटाकडे या. अमेरिकेनं २२ ऑक्टोबर १९६४ ला मिसिसिपीतल्या टेटम सॉल्ट डोममध्ये, म्हणजे जमिनीखालच्या मिठाच्या घुमटात, ८२८ मीटर खोल ५.३ किलोटनांचा सॅल्मन हा स्फोट केला. त्यानं मिठात सुमारे १७ मीटर त्रिज्येची पोकळी झाली, म्हणजे ढोबळ २०,००० घनमीटर. किलोटनमागे जवळजवळ ३,८००. याला पन्नासनं भागा, सत्तर-ऐंशीच्या घरात येता. हा हिशेब ढोबळ आहे, कारण तयार झालेली पोकळी आणि स्थितिस्थापक सीमेवर ढकललेलं आकारमान अगदी एक नसतं. तरी आकडा कुठून येतो ते यावरून समजतं.

प्रत्यक्ष मापनही त्याच पोकळीत झालं. ३ डिसेंबर १९६६ ला सॅल्मनच्याच पोकळीत स्टर्लिंग हा ०.३८ किलोटनांचा, म्हणजे ३८० टनांचा स्फोट केला. भूकंपमापकांवर तो पाच-साडेपाच टनांच्या ठासलेल्या स्फोटाएवढा दिसला. ३८० भागिले साडेपाच, हाच तो सत्तर. त्याआधी लुइझियानातल्या मिठाच्या खाणीत काउबॉय नावाच्या मालिकेत साध्या स्फोटकांवर हे तपासून झालं होतं, पण अणुस्फोटाचा पुरावा स्टर्लिंगचा.

सोव्हिएत संघानंही करून पाहिलं. कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेला अझगीर इथं १९७१ मध्ये ६४ किलोटनांच्या स्फोटानं मिठात सुमारे ३६ मीटर त्रिज्येची पोकळी झाली. तिच्यात २९ मार्च १९७६ ला आठ-दहा किलोटनांचा स्फोट केला. तो सत्तर पट नाही, दहा-पंधरा पटच लहान दिसला. कारण सरळ आहे. पाऊण-एक किलोमीटर खोल मिठात पूर्ण परिणामासाठी एका किलोटनाला साधारण २५ मीटर त्रिज्या लागते, आणि ती स्फोटाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. ३६ मीटरची पोकळी तीन किलोटनांपर्यंत पुरली असती. त्याच्या तिप्पट भरल्यावर भिंत चेचली गेली आणि वर मांडलेलं गणित लागू राहिलं नाही. स्टर्लिंगला १७ मीटर जेमतेम पुरले होते.

इथं तुमच्या ऊर्जेच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. ठासलेल्या स्फोटातही लहरींत जाणारी ऊर्जा फार थोडी असते, साधारण शेकड्याला एक किंवा त्याहून कमी. बाकीची खडक तापवण्यात, वितळवण्यात, फोडण्यात जाते. पोकळीत ती तापलेल्या गॅसमध्ये अडकून राहते आणि सावकाश भिंतीत मुरते. म्हणजे ऊर्जा गायब होत नाही, लहरींत तिचा वाटा आधी किरकोळ होता तो आणखी किरकोळ होतो. बऱ्याच जणांना उलटं वाटतं, की चुरा झालेला खडक ऊर्जा शोषतो म्हणून ठासलेलाच लहान दिसायला हवा. शोषतो हे खरं. पण तोच चुरा सीमेला बाहेर रेटतो, आणि कमी वारंवारतेला त्या रेट्याचीच मोजदाद होते.

कमी वारंवारतेला, हे मी मुद्दाम म्हणतोय. ही अट बातम्यांतून हमखास गळते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

स्थितिस्थापक सीमा जितकी दूर, तितका उगम मोठा आणि तितका तो खालच्या सुराचा. ठासलेल्या स्फोटात ही सीमा पोकळीच्या कितीतरी पट बाहेर असते, त्यामुळे काही हर्ट्झच्या वर त्याच्या लहरी झपाट्यानं कमी होतात. पोकळीतल्या स्फोटात सीमा म्हणजे पोकळीची भिंतच. सतरा मीटरच्या मिठाच्या पोकळीसाठी ही उतरण चाळीस हर्ट्झच्या आसपास सुरू होते. मधल्या पट्ट्यात एक उतरत असतो आणि दुसरा टिकून असतो, म्हणून त्यांच्यातलं अंतर मिटत जातं. एक-दोन हर्ट्झला सत्तरचा फरक असेल, तर वीस-तीस हर्ट्झच्या पुढे तो दहाच्या आसपास आणि त्याखालीही येतो.

खाणीत याची सवय असते. घरांजवळ जमीन किती वेगानं हादरू द्यायची, याची डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) मर्यादा नुसता एक आकडा नाही. आठ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, आठ ते पंचवीसच्या दरम्यान १०, त्यावर १५. कारण हळू हेलकावणारी जमीन भिंतीला जास्त छळते. मालक नुसता वेग विचारतो, मी वारंवारता विचारतो, आणि दर वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. अणुस्फोटातही एकच आकडा विचारणाऱ्याला मी आधी तेच विचारेन, किती हर्ट्झला?

अर्थात जास्त वारंवारतेच्या लहरी दूर जात नाहीत. तीन हजार किलोमीटरवर तीस हर्ट्झ ऐकू येणार नाही. काही शे किलोमीटरवर, तेही जुन्या, थंड, सलग कवचातून, येऊ शकतं. अमेरिकेतले भूकंपतज्ज्ञ जॅक एव्हर्नडेन यांनी १९८० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला होता, की जवळ भूकंपमापकांची ठाणी ठेवा आणि उंच सुरात ऐका. १९८६ मध्ये अमेरिकी आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मिळून सेमिपालातिन्स्क या सोव्हिएत अणुचाचणी क्षेत्राच्या आसपास ठाणी बसवली, तेव्हा तिथल्या कवचातून उंच वारंवारता बऱ्यापैकी दूर जातात असं दिसलं. पश्चिम अमेरिकेसारख्या तापलेल्या, तुटक कवचात तसं होत नाही. त्यामुळे पोकळी किती लपवते या प्रश्नाला देश, खडक आणि जवळचं ठाणं किती अंतरावर आहे, हे कळल्याशिवाय उत्तरच नाही.

इथवरचं थोडक्यात: परिणाम उगमाशी होतो, त्याला पोकळीचा ठरावीक किमान आकार लागतो, त्यापुढे वाढवून फायदा नाही, पोकळी कमी पडली तर फायदा झपाट्यानं घटतो, आणि जवळून, उंच वारंवारतेला ऐकणाऱ्याला तो फारसा फसवू शकत नाही.

आता कराराचा प्रश्न. सत्तर पट म्हणजे तीव्रतेच्या मापात साधारण १.८५ नं कमी. कठीण, सलग खडकात एक किलोटनाचा ठासलेला स्फोट चार ते साडेचार तीव्रतेचा दिसतो, तो पूर्ण पोकळीत सव्वादोन-अडीचवर येईल. चाचणीबंदीच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेत ३३७ ठिकाणं ठरली आहेत, त्यांपैकी ५० प्राथमिक आणि १२० पूरक भूकंपठाणी. या जाळ्याला बऱ्याच भागांत साडेतीनच्या आसपासचं सहज दिसतं, काही ठिकाणी त्याहून लहानही. अडीचचं सगळीकडे दिसेल असं मी म्हणणार नाही. म्हणजे कागदावर एक किलोटन लपू शकतो, हे मान्य करायला हवं. जे लोक हसण्यावारी नेतात त्यांनी स्टर्लिंगचा आलेख बघितलेला नसतो.

पण कागदावरून जमिनीखाली उतरा. एक किलोटनासाठी २५ मीटर त्रिज्या म्हणजे ६५,००० घनमीटर मीठ बाहेर काढायचं. आपल्याकडच्या हायवा डंपरमध्ये दहा घनमीटर सलग दगडाएवढा माल धरला तरी साडेसहा हजार खेपा, तेही पाऊण-एक किलोमीटर खोलीतून वर आणून. पाच किलोटनांसाठी पाचपट. मिठात पाणी सोडून विरघळवायचं म्हटलं तर तेवढं खारं पाणी कुठंतरी सोडावं लागतं, उपग्रहाच्या नजरेसमोर. शिवाय पाण्यानं भरलेली पोकळी कामाची नाही. ती रिकामी करावी लागते, आणि रिकामी केली की खोलीवरचं मीठ हळूहळू सरकून ती आवळू लागतं.

दुसरी अडचण गळतीची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. ठासलेल्या स्फोटात वितळलेला खडक थिजून काच होते आणि बरीचशी किरणोत्सारी द्रव्यं तिच्यात अडकतात. शिवाय बाहेर रेटलेला खडक परत येताना पोकळीभोवती आवळला जातो आणि भेगा मिटतात. पोकळीतल्या स्फोटात काचही तेवढी बनत नाही आणि हा आवळलेल्या खडकाचा कोटही तयार होत नाही. आतला गरम, दाबाखालचा गॅस भेगा शोधत बसतो. झेनॉनसारखा निष्क्रिय वायू कशाशीच बांधला जात नाही, आणि तोच पकडायला वेगळी ठाणी बसवलेली आहेत. लहर लहान करायच्या नादात वायू सुटण्याची शक्यता वाढते, हा सौदा कुणालाही टाळता येत नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसनं २००२ मध्ये या सगळ्याचा विचार करून मर्यादा एक-दोन किलोटनांची सांगितली, त्यावरचा स्फोट खात्रीनं लपवता येणार नाही. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता, म्हणजे मापाचा अंदाज येईल.

पोकळीशिवायही लहर लहान होते, हे इथं सांगायला हवं. कोरडी, सच्छिद्र वाळू घ्या. तिच्यातली बारीक छिद्रं दाबाखाली मिटतात आणि त्यात बराच रेटा संपतो. पोखरणला ११ मे १९९८ च्या चाचण्या जगभर नोंदल्या गेल्या, तीव्रता ५.२ च्या आसपास. दोनच दिवसांनी, १३ मे ला झालेल्या एक किलोटनाच्या आतल्या दोन चाचण्या दूरच्या ठाण्यांवर उमटल्या नाहीत. त्यावर बाहेर भरपूर वाद झाले, त्यात मी शिरत नाही. फक्त एवढंच, की किती किलोटन हा प्रश्न भूकंपमापकाला विचारायचा असेल तर आधी कशात उडवला ते ठाऊक असावं लागतं.

आणखी एक पोकळी असते, स्फोटानं स्वतः केलेली. तिचं छत पुढे कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत कोसळतं, आणि त्याचा वेगळा सिग्नल येतो. उत्तर कोरियाच्या ३ सप्टेंबर २०१७ च्या चाचणीनंतर साधारण साडेआठ मिनिटांनी चारच्या वरच्या तीव्रतेचा दुसरा धक्का नोंदला गेला. त्याचा आकृतिबंध जमीन आत खचल्याचा होता. असा सिग्नल सापडला की वाचणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण नैसर्गिक भूकंप सहसा असं वागत नाही.

यावरून पुढचा मुद्दा. अडीच तीव्रतेची घटना दिसली तरी तो स्फोट आहे हे ओळखायचं कसं? मोठ्या घटनांत हे सोपं असतं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घ्या, इथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचा, तीव्रता ६.२. अशा भूकंपात खडक एका पृष्ठावर घसरतो, त्यामुळे काही दिशांच्या ठाण्यांवर पहिला धक्का वर आणि काही दिशांना खाली येतो, आडव्या लहरी (खडकाला लहरीच्या वाटेला आडवं हलवणाऱ्या) जोरदार असतात, आणि मागून पश्चात धक्क्यांची रांग लागते. स्फोट सगळीकडे बाहेरच ढकलतो, पहिला धक्का सगळीकडे वर, आणि दाबाच्या लहरींच्या मानानं आडव्या लहरी दुबळ्या. कर्नाटकात गौरीबिदनूरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं भूकंपमापकांचं जाळं १९६५ पासून आहे, ते असेच फरक टिपण्यासाठी उभं राहिलं.

लहान घटनांत मात्र जीव मेटाकुटीला येतो. अडीच तीव्रतेच्या जवळपास खाणींचे मोठे स्फोटही येतात, आणि तेही स्फोटच. त्यांची एक खूण असते. खाणीत सगळी होलं एकदम उडवत नाहीत, १७, २५, ४२ मिलिसेकंदांच्या अंतरानं ओळीनं उडवतात, म्हणजे भिंतींना त्रास कमी आणि दगड नीट फुटतो. त्यामुळे वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे याच्या आलेखात, ठरावीक वारंवारतांना खाचा पडतात. पोकळीतला एकच स्फोट अशा खाचा पाडणार नाही. पण कुणी खाणीच्या स्फोटाच्या आडून तो केला तर? शक्य आहे, आणि यावर लोकांनी डोकी खपवली आहेत. मग त्या खाणीचे आधीचे आलेख काढून ताडून बघावे लागतात. पोकळी गोल नसून लांबट असेल, जुना बोगदा वगैरे, तर आणखी एक गुंता. भिंतीवरचा रेटा सगळीकडे सारखा राहत नाही आणि थोड्या आडव्या लहरीही तयार होतात, ज्या स्फोटाला किंचित भूकंपासारखा दाखवतात.

राहिला आपला काळा दगड. तुम्ही गृहीत धरलंय की सोलापूरखाली कितीही खोल गेलं तरी काळा दगडच आहे. तसं नाही. किल्लारीत भूकंपानंतर जी खोल बोअर घेतली तिच्यात बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, सुमारे ३३८ मीटरला संपला. खाली थोडा गाळाचा थर, आणि मग ग्रॅनाइट-नाइस. कोयनेकडे तोच बेसॉल्ट नऊशे मीटरच्या पुढे जातो. पूर्वेकडे तो पातळ होत येतो, म्हणून आपल्या बाजूला आठशे मीटर खोलीवर बहुधा ग्रॅनाइटशी गाठ पडेल.

बेसॉल्ट असता तरी सोय नव्हती. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, वर मुरूम, मग मांजऱ्या (छिद्रांचा, मऊ दगड), मग काळा पाषाण, मध्येच गेरूचा पट्टा, परत मांजऱ्या. लाव्हाचा प्रत्येक थर वेगळा, प्रत्येकाला उभ्या भेगा, आणि आपल्या विहिरींना पाणी येतं ते त्याच भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून. कोयनेचं भूमिगत वीजगृह या दगडात उभं आहे, म्हणजे मोठं दालन काढता येतं. पण ते लांबोळकं दालन आहे, छताला आधार दिलेलं, आणि त्याला आतून शंभर-सव्वाशे वातावरणांचा दाब सोसायचा नाही. पन्नास मीटर व्यासाचं गोल दालन, पाऊण किलोमीटर खाली, भेगाळ दगडात, कोरडं आणि वायू न गळणारं, ही वेगळीच गोष्ट. नॉर्वेत ग्योविक इथं ६२ मीटर रुंदीचं क्रीडागृह खडकात कोरलंय, पण ते डोंगरात उथळावर आहे आणि त्यात बर्फावरची हॉकी खेळतात.

कठीण खडकात मिठापेक्षा थोडी लहान पोकळी पुरते, हे मात्र खरं. खडक जास्त मजबूत, म्हणून चेचली न जाता भिंत जास्त दाब सोसते. पण कठीण खडकात ठासलेला स्फोटही वेगळा वागतो, त्यामुळे मिठातलं सत्तर तिथं जसंच्या तसं लावता येत नाही. प्रकल्पात हे घ्यायचं असेल तर वरच्या सूत्रात ग्रॅनाइटचा μ, साधारण ३ × १०¹⁰ पास्कल, घाला आणि पोकळीतल्या स्फोटाचा आकडा, म्हणजे गुणोत्तरातला छेद, काढा. अंशासाठी मात्र मिठाचा आकडा उचलू नका, ग्रॅनाइटमधल्या ठासलेल्या स्फोटांच्या मोजलेल्या पोकळ्या शोधा. पहिल्या भागाला एक संध्याकाळ पुरेल. दुसऱ्या भागात खरा अभ्यास आहे, आणि तिथं अडलात तर आलेखासकट लिहा.